भिंगातला छर्रा

रेडिओवर भिंग दाखवता येत नाही, पण ऐकवता येतं. आज इथे येताना एक जुनं भिंग खिशात घालून आणलं आहे. ते माइकजवळ धरतो आणि त्याची एक रिंग सावकाश फिरवतो. टिक... टिक... टिक. ऐकू आलं असेल. श्रोतेहो, भिंगातून आत येणारा उजेड एकेका पायरीनं कमी होत गेला, त्याचा हा आवाज.

कवीला बोलावलं की तो कवितेवर बोलणार, अशी एक समजूत आहे. मला कवितेवर बोलायचा कंटाळा आहे. ती लिहितानाच पुरेसं बोलून झालेलं असतं. त्यामुळे ‘तुमच्या छंदाबद्दल बोला’ असं आकाशवाणीवरच्या मित्रांनी सांगितलं तेव्हा बरं वाटलं. गेली वीसेक वर्षं, रात्री जेवणं उरकली की मी टेबलावर पितळी परात ठेवतो, तिच्यात पांढरं फडकं पसरतो आणि जुन्या कॅमेऱ्यांची भिंगं उघडून बसतो. मी बी.ए. झालेला माणूस. प्रकाशशास्त्र दहावीच्या पुस्तकापलीकडे शिकलेलो नाही. जे थोडंफार कळलं ते स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाकडून.

भिंगाच्या पोटात पातळ पोलादी पात्यांचा एक गोल पडदा असतो. पाती एकमेकांवर चढलेली असतात, रिंग फिरवली की सगळी एकदम आत सरकतात किंवा बाहेर जातात. मधोमध उरलेलं भोक म्हणजे अपर्चर. पुस्तकी मराठीत त्याला छिद्र म्हणतात, पण छिद्र म्हटलं की मला गळकी घागर आठवते. माझ्या मते याहून चांगला शब्द आपल्याकडे आधीपासून आहे : बाहुली. डोळ्यातली बाहुली. उन्हात ती आक्रसते, अंधारात मोठी होते. अपर्चरचंही तेच काम. उर्दूत तिला पुतली म्हणतात, आणि लॅटिनमधल्या नावाचा अर्थही लहान बाहुली असाच आहे. समोरच्या माणसाच्या डोळ्यात वाकून पाहिलं की आपलंच इवलंसं रूप दिसतं, त्यावरून पडलेलं हे नाव. एवढ्या लांबलांबच्या माणसांना एकच उपमा सुचली, याचा मला कवी म्हणून थोडा हेवाही वाटतो.

भोक लहान-मोठं केल्यानं चित्राचं काय होतं, हा विचार कॅमेऱ्याहून कितीतरी जुना आहे. अकराव्या शतकात कैरोत राहून काम करणाऱ्या इब्न अल-हैसमनं ग्रहणातल्या सूर्याच्या आकारावर एक प्रबंध लिहिला. ग्रहण लागलेल्या सूर्याचा उजेड एका भोकातून आत घेतला, तर भोक पुरेसं लहान असताना पलीकडे कोर उमटते. भोक मोठं करत गेलं की कोर हरवते आणि नुसता गोल उजेड उरतो. २६ डिसेंबर २०१९च्या ग्रहणात ज्यांनी झाडाखाली उभं राहून कवडसे पाहिले, त्यांना जमिनीवर शेकडो कोरी दिसल्या असतील. पानांमधल्या फटी लहान, म्हणून त्या दिसल्या. जाता जाता एक सांगतो. ‘कॅमेरा’ हा शब्द अरबीतल्या ‘कमरा’वरून आला असा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो आणि लोक तो मला आवर्जून पाठवतात. तसं नाही. तो लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ खोली. इब्न अल-हैसमचं मोठेपण सिद्ध करायला त्याची गरजही नाही.

आता भिंगावरचे आकडे. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आकडा वाढला की भोक लहान होतं, यानं नवखा माणूस हमखास गोंधळतो. कारण साधं आहे. हा भागाकार आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला या आकड्यानं भागायचं. ५८ मिलिमीटरचं भिंग दोनवर ठेवलं तर समोरून दिसणारं भोक २९ मिलिमीटरचं, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. सोळावर नेलं तर साबुदाण्याएवढं. प्रत्येक आकड्याला उजेड निम्मा होतो. शिवाय भोक मोठं असताना एक पातळ काप तेवढा स्पष्ट दिसतो, त्याच्या पुढचं-मागचं विरघळून जातं. भोक लहान केलं की जवळचं आणि दूरचं दोन्ही नीट दिसू लागतं. जत्रेतल्या पाळण्याचे दिवे मागे धूसर मोत्यांसारखे हवेत की पाळण्याची प्रत्येक कांब दिसायला हवी, याचा निकाल या पात्यांवर लागतो.

सुरुवातीला पाती नव्हतीच. १८५८ साली इंग्लंडमधल्या जॉन वॉटरहाऊसनं भिंगाच्या नळीला एक फट पाडली आणि वेगवेगळ्या मापांची भोकं असलेल्या धातूच्या पट्ट्या तिच्यातून आत सरकवायला सुरुवात केली. हवी ती पट्टी घाला, नको ती काढा. पट्टी हरवली की त्या दिवशी तो उजेड नाही. पुढे पात्यांचा पडदा रुळला आणि फोटोग्राफरच्या बोटांत खरी सत्ता आली.

अडचण आली ती आरशाच्या कॅमेऱ्यांबरोबर. त्यांत माणूस भिंगातूनच पाहतो. फोकस नीट करायचा तर भोक पूर्ण उघडं हवं, नाहीतर आत अंधार. आणि फोटो काढताना ते आठवर किंवा अकरावर हवं. म्हणजे उघडा, फोकस करा, डोळा न हलवता बंद करा, मग बटण दाबा. तोवर समोरचं मूल उठून गेलेलं असतं. यावर पहिला तोडगा निघाला दोन रिंगांचा. एका रिंगनं मर्यादा ठरवायची, दुसरीनं बोटाच्या अंदाजानं उघडझाप करायची. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यातलं हेलिओस ४४-२ हे भिंग या पद्धतीचं. जर्मनीतल्या जेनाच्या बायोटारवरून बेतलेलं, ५८ मिलिमीटरचं, आठ पात्यांचं. त्याची दुसरी रिंग लोण्यासारखी फिरते, टिकटिक करत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा तोडगा म्हणजे पिन. १९४९ साली ड्रेस्डेनच्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्याला ४२ मिलिमीटर व्यासाचे आटे आले. भिंग बाटलीच्या झाकणासारखं फिरवून बसवायचं. हे आटे पुढे जर्मनी, जपान, रशिया सगळीकडे चालले. १९५०च्या दशकात या आट्यांच्या भिंगांना मागच्या बाजूनं एक बारीक पिन आली, टाचणीच्या माथ्यापेक्षा थोडी जाड. बटण दाबलं की कॅमेऱ्यातली एक पट्टी ती पिन आत ढकलते, पाती झटकन ठरलेल्या आकड्यापर्यंत मिटतात, फोटो निघतो, पट्टी मागे येते आणि पाती पुन्हा सताड उघडतात. डोळ्याची पापणी लवते, तसंच. माणसाला काही करावं लागत नाही.

सोय मोठी होती, यात शंका नाही. पण त्या दिवसापासून भिंग कॅमेऱ्याच्या ताब्यात गेलं. रिंग तुम्ही सोळावर न्या, पिन कुणी दाबली नाही तर पाती हलणार नाहीत. आधीच्या बऱ्याच भिंगांवर एक छोटं बटण असायचं, ते सरकवलं की पिनेचं काम रद्द होई आणि पाती रिंगच्या आज्ञेत येत. पुढे खर्च वाचवायला म्हणून असेल, काही भिंगांवरून ते बटणही गेलं. हेलिओस ४४एम-४ हे त्यांतलंच एक. निकॉनवाल्यांनी याउलट केलं. त्यांच्या जुन्या भिंगात स्प्रिंग पात्यांना मिटलेलं ठेवते आणि कॅमेऱ्याचा दांडा त्यांना उघडं धरून ठेवतो. भिंग कॅमेऱ्यावरून काढलं की पाती आपोआप रिंगवरच्या आकड्याला येतात. निकॉनचं जुनं भिंग आज परक्या कॅमेऱ्यावरही विनातक्रार चालतं, ते या उलट्या विचारामुळे.

मग कॅमेरे बदलले. कॅननने १९८७ साली जुनी जोडणी मोडीत काढली आणि पाती विजेवर चालवायला घेतली. फिल्म गेली, जुने कॅमेरे कपाटात गेले, त्यांचे शटर अडकले. काच मात्र तशीच राहिली. २००८ साली पॅनासोनिकचा जी-वन आला, २०१० साली सोनीचे नेक्स आले, आणि आरसाच नसलेल्या या कॅमेऱ्यांनी जुन्या भिंगांना पुन्हा बाजारात आणलं. कारण निव्वळ अंतराचं. आट्यांच्या भिंगाला फिल्मपासून साडेपंचेचाळीस मिलिमीटर लांब बसायची सवय, आणि सोनीच्या या कॅमेऱ्यांत ते अंतर १८ मिलिमीटर. मधल्या साडेसत्तावीस मिलिमीटरमध्ये एक रिकामी नळी, म्हणजे अडॅप्टर, बसवला की झालं. त्या नळीत काच नाही, तार नाही, काही नाही. आणि पिन दाबायला पट्टीही नाही.

आमच्या मिरजेतल्या एका फोटो स्टुडिओच्या मालकांना सगळं गाव अण्णा म्हणतं. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. अण्णांची थोरली मुलगी लग्नाच्या फिल्म करते, आणि चांगल्या करते. गेल्या पावसाळ्यात ती माझ्याकडे एक हेलिओस ४४एम-४ घेऊन आली. अण्णांनी झेनिट कॅमेऱ्याबरोबर मुंबईच्या बोरा बाजारातून जुन्यात घेतलेलं. “चाचा, याच्यात उजेड असा पडतो की आजच्या भिंगाला जमणार नाही,” ती म्हणाली. “पण हे माझं ऐकतच नाही.”

ते ऐकणार कसं? ऑनलाइन मागवलेल्या साध्या अडॅप्टरवर ते कायम दोनवर उघडं राहत होतं. दोनवर नवरीचा चेहरा स्पष्ट आला की शेजारचा नवरा धूसर. लग्नाच्या फिल्ममध्ये हे चालत नाही, निदान त्याच्या आईला तरी नाही. शिवाय व्हिडिओची एक अडचण आहे. सेकंदाला पंचवीस चित्रं घेत असाल तर शटर साधारण एक पन्नासांशवर बांधलेलं असतं, नाहीतर हालचाल तुटक दिसते. फोटोत ऊन जास्त झालं की शटर वेगवान करता येतं, इथे ती वाट बंद. भर उन्हातल्या हळदीला उजेड आवरायचा तर मुख्य नळ एकच, अपर्चर. आणि तोच सताड उघडा.

तिला दोन कामं हवी होती. पिन कायमची दाबलेली राहावी, आणि रिंगची टिकटिक जावी. टिकटिक कशाला काढायची, ते नंतर सांगतो. आधी पिन.

पिन दाबून ठेवायचे दहा मार्ग आहेत आणि त्यांतले आठ मला पसंत नाहीत. कुणी तिच्यावर झटपट चिकटणारा गोंद सोडतं. तो गोंद पात्यांकडे उतरला की भिंगाचा शेवट. कुणी आत तारेचा तुकडा कोंबतं. कुणी पिन सरळ कापून टाकतं आणि आतली स्प्रिंग काढून फेकतं. भिंग चालतं, पण पुढे कधी ते मूळ कॅमेऱ्यावर चढवायचं म्हटलं तर ते आंधळं झालेलं असतं. भिंग माझ्या हातात आलं तेव्हा त्याचं वय चाळीसच्या आसपास होतं. काच अजून पन्नास वर्षं सहज टिकेल. मी त्याच्या वाटेतला मधला माणूस.

याबाबतीत माझे गुरू फोटोग्राफर नाहीत. मिरजेत सितार आणि तंबोरे बनतात, हे सांगायला नकोच. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. ज्या शिकलगार घराण्यांनी हे काम वाढवलं, त्यांचा मूळ धंदा हत्यारांना धार लावण्याचा. त्या गल्लीत मी लहानपणापासून तासन् तास बसलो आहे. जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा कानशीनं इतका थोडा घासतो की डोळ्याला फरक दिसत नाही. तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. कानशीखाली जाते ती घोडी. भोपळा नाही, दांडी नाही. घोडी झिजली तर नवी बसते. घासायचंच असेल तर बदलता येईल ती वस्तू घासायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

म्हणून मी तिला दुसरा अडॅप्टर मागवायला सांगितला. त्याच्या आतल्या बाजूला एक ओठ असतो. भिंग आट्यांवर पुरतं बसलं की पिन त्या ओठावर टेकते आणि आत दाबली जाते. भिंगाला हातही लावायचा नाही. पण या भिंगात तो ओठ पिन जरा जास्तच दाबत होता, आणि दूरवर फोकस नेताना रिंग जड व्हायची. जुन्या आट्यांच्या भिंगांत हे पुष्कळदा होतं, प्रत्येकाची पिन वेगळ्या उंचीची. तिथे मी कानस काढली आणि ओठ घासला, भिंग नव्हे. घासायचं, धातूची पूड पुसायची, लावून पाहायचं, पुन्हा काढायचं. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी रिंग दोनपासून सोळापर्यंत फिरली आणि सहाही पाती एखाद्या आज्ञाधारक वर्गासारखी तिच्यामागे गेली.

आता टिकटिक. रिंगच्या खाली एक बारीक पोलादी छर्रा असतो, त्याच्याखाली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. रिंगच्या आतल्या अंगाला खाचा असतात. खाच आली की छर्रा तिच्यात पडतो, टिक. बस, एवढंच यंत्र. तो छर्रा काढला की रिंग गुळगुळीत फिरते. सिनेमावाले आपल्या जुन्या भिंगांचं हे हटकून करून घेतात. हेलिओस ४४-२ त्यांना प्रिय आहे त्याचं एक कारण तिची ती मुकी रिंग, मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ती. काही जण आणखी पुढे जातात आणि पात्यांजवळ लंबगोल भोकाची चकती बसवतात, म्हणजे मागचे दिवे गोल न दिसता महागड्या सिनेमाच्या भिंगासारखे लंबगोल दिसतात. धूसर दिव्याला अपर्चरचाच आकार मिळतो, म्हणून हे जमतं. पुठ्ठ्यात बदामाचं भोक कापून भिंगासमोर लावलंत तर दिव्यांचे बदाम होतील. सुटीत मुलांना हा खेळ जरूर दाखवा. लग्नात नको.

छर्रा काढणं अवघड नाही, अवघड आहे तो न हरवणं. रिंग उचलली की स्प्रिंग त्याला उडवते आणि फरशीवर पडलेला हा छर्रा मोहरीच्या दाण्याहून शोधायला कठीण. म्हणून परात, म्हणून फडकं. आणखी काही सूचना, ज्यांचे हात शिवशिवू लागले असतील त्यांच्यासाठी. जपानी भिंगांतला चौफुलीचा स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरला जुळतो असं वाटतं, पण त्याची खोबण निराळी असते. जोर लावलात तर माथा जाईल. पात्यांवर तेल उतरलं असेल तर ती चिकटतात. आपल्या उन्हाळ्यात फोकसचं जुनं ग्रीस पातळ होऊन तिथे पोचतं. ती लायटरच्या पेट्रोलनं पुसायची, कधीही तेल सोडायचं नाही. पाती कोरडीच धावायला हवीत. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या काही भिंगांच्या काचेत थोरियम असे, ते किंचित किरणोत्सर्गी असतं. तसलं भिंग कॅमेऱ्यावर वापरायला हरकत नाही, पण त्याची काच घासू नका, फोडू नका. आणि छर्रा काढल्यावर रिंग इतकी सैल होते की कॅमेरा खाली झुकवला तरी सरकते. तिथे घट्ट, चिकट ग्रीस लागतं, नाहीतर टिकटिक गेली आणि आकडाही गेला.

ही सगळी तयारी करून मी थांबलो होतो. कारण अण्णा. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे. उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडे नाही. मुलीला म्हटलं, “अण्णांना विचारलंस का?” ती म्हणाली, “चाचा, त्यांना काय दिसतंय आता? सांगून उगाच जिवाला लागेल.” म्हटलं, “दिसत नाही म्हणूनच विचार. टिकटिक ऐकायची वस्तू आहे.” ती गप्प झाली. तिला राग आला असावा, पण दुसऱ्या दिवशी तिनंच मला घरी बोलावलं.

अण्णांनी भिंग हातात घेतलं, अंगठ्यानं फोकसच्या रिंगवरचे दात चाचपले आणि नाव न विचारता म्हणाले, “बोरा बाजार.” मग अपर्चरची रिंग उघड्या टोकाला नेऊन ते एकेक टिक मोजत परत आले. “चार. पाच पॉइंट सहा. आठ.” एकदाही चुकले नाहीत. लोडशेडिंगच्या काळात मांडवात दिवे गेले की अंधारात आकडे दिसायचे नाहीत. तेव्हा पेट्रोमॅक्स येईपर्यंत ते कानानं आकडा लावून तयार राहायचे. कितीतरी लग्नं त्यांनी अशी उतरवली आहेत. मी मुद्द्यावर आलो. हा आवाज काढायचा आहे, म्हणालो.

“का?” अण्णा मुलीकडे वळून म्हणाले. “आवाज कॅमेऱ्यात येतो म्हणून? त्यावर तर तुम्ही गाणं टाकता. तुमच्या फिल्ममध्ये भटजीचाही आवाज ऐकू येत नाही.”

ती म्हणाली, “आवाजासाठी नाही, अण्णा. नवरी घरातून अंगणात येते, तेव्हा मी चालत चालत तिच्याबरोबर बाहेर येते. घरात अंधार, बाहेर ऊन. चालू शूटिंगमध्ये मला भिंग हळूहळू मिटत न्यावं लागतं. टिक झाली की उजेड पायरीनं उतरतो. पडद्यावर धक्का बसतो. एक पायरी, मग दुसरी. बघणाऱ्याला कळतं की कुणीतरी बटण फिरवलं.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. रिंग पुढे-मागे करत राहिले. मग त्यांनी हात हवेत वर उचलला आणि सावकाश खाली आणला. “असा उतरायला पाहिजे तुला? सांज झाल्यासारखा?”

“हो.”

“मग पायरी कशाला ठेवता?” ते मला म्हणाले. “काढ, कविराज. आमचं काम एका फोटोचं होतं. फोटोत पायरी लागते. हिचा उजेड चालतो आहे.”

मी त्यांच्यासमोरच काम केलं. परात, फडकं, चिमटा. रिंग उचलताना घरात कुणी श्वास घेतला नसावा. छर्रा चिमट्याला लागला तेव्हा अण्णांनी तळहात पुढे केला. बोटांत धरून पाहिला आणि म्हणाले, “एवढाच? याचा एवढा आवाज?” जुने घड्याळजी घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आतल्या अंगाला तारीख कोरून ठेवत. मला धातूवर ओरखडा काढायचं जिवावर येतं, म्हणून मी कागद वापरतो. फिल्मच्या रोलची जुनी प्लॅस्टिकची डबी घेतली. तिच्यात छर्रा, स्प्रिंग आणि चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर तारीख, भिंगाचा क्रमांक, काय काढलं, कुठून काढलं आणि परत कसं बसवायचं ते लिहिलं. मिरजेतल्या एखाद्या मुलाला २०६० साली ही डबी सापडली तर त्याला मला शोधायची गरज पडू नये. ग्रीस लावलं, रिंग बसवली, स्क्रू आवळले.

अण्णांनी भिंग परत मागितलं. रिंग फिरवली. आवाज नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली, परत आणली. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी पाहिलं नाही, मी मुद्दाम स्क्रू-ड्रायव्हर पुसत बसलो होतो. मुलगी उठली आणि आतून नेलपॉलिशची बाटली घेऊन आली. रिंगवरच्या पाच पॉइंट सहाच्या आकड्यापाशी तिनं एक थेंब ठेवला, फुंकर मारून वाळवला, त्यावर दुसरा ठेवला. बोटाला लागेल इतका उंचवटा झाला. स्पिरिटनं निघून जातो, मला हरकत नव्हती.

अण्णांनी थेंबावर बोट ठेवलं, मग दोन्ही टोकांपर्यंत रिंग नेऊन अंतराचा अंदाज घेतला.

“हे पाच पॉइंट सहा?”

“हो, अण्णा.”

“थेंब आठकडं सरकलाय. पुसून परत लाव.”

तिनं आकड्याशी डोळा नेऊन पाहिलं आणि कापूस आणायला आत गेली.